वार्षिकांकाची मांडणी सुचते कुठून? मुंबईतल्या संपादक मंडळांसाठी सविस्तर वाटाड्या

डिसेंबर संपत आला की संपादक मंडळातल्या मुलांचे फोन सुरू होतात. "ताई, यंदाच्या अंकात काहीतरी वेगळं करायचंय, पण सुचतच नाहीये." मग कळतं की पंधरा दिवस सगळ्यांनी मिळून पिंटरेस्ट पालथं घातलंय, चारशे चित्रं साठवलीत आणि त्या चारशेंत स्वतःच्या कॉलेजातलं एकही नाही. त्यात परदेशी शाळांचे लॉकर आहेत, हवेत उडालेल्या चौकोनी टोप्या आहेत. आपल्याकडे शेवटच्या दिवशी पांढऱ्या शर्टावर स्केचपेनने सह्या घेतात. अंकाची कल्पना त्या शर्टावर असते, आणि मुलं ती दुसऱ्याच देशात शोधत बसतात.

मी स्वतः विद्यार्थी असताना अंकाचं काम केलं, आज पोटापाण्यासाठीही मांडणीचंच काम करते आणि दरवर्षी एकदोन मंडळांसोबत बसते. त्या अनुभवावरून ही वाट सांगतेय. लेख-कविता-अहवालांचा वार्षिकांक असो, की निरोपाच्या तुकडीचं फोटोंचं इयरबुक असो, वाट एकच आहे. फक्त सुरुवात डिसेंबरात नको, पहिल्या सत्रातच करा. गणपतीच्या सुट्टीनंतरचे आठवडे उत्तम.

आधी चार आकडे

प्रभारी प्राध्यापकांकडून चार गोष्टी लिहून घ्या: पानं किती, आकार कोणता, प्रती किती आणि रंगीत पानं किती. पानांचा आकडा चारच्या पटीत हवाच. छापखान्यात कागद फर्म्याने छापला जातो, म्हणजे एका मोठ्या कागदावर बरीच पानं एकदम छापून मग त्याची घडी घालतात, आणि फर्मा बहुधा आठ किंवा सोळा पानांचा असतो. म्हणून ९६ पानं सोयीची आणि ९८ पानं महागात पडणारी. सोळाच पानं रंगीत मिळणार असतील, तर तो एक अख्खा फर्मा मध्यभागी येईल की शेवटी, हे आत्ताच ठरवा. हे आकडे माहीत असले की पुढे जे जे आवडेल त्याला 'हे आपल्याला परवडतं का' हा प्रश्न तिथल्या तिथे विचारता येतो.

ग्रंथालयातलं कपाट

पहिली भेट ग्रंथपालांची. आपल्याच कॉलेजचे जुने अंक बांधीव खंडांत ठेवलेले असतात, पण अनेक वर्षांत कुणी मागितलेले नसतात. विल्सन १८३२ पासूनचं, झेवियर्स १८६९ पासूनचं, रुईया १९३७ पासूनचं. अशा संस्थांत तर दोन-तीन पिढ्यांचा ऐवज हाती लागू शकतो. तुमचं कॉलेज पंचवीस वर्षांचं असलं तरी पंचवीस अंक ही कमी शिदोरी नाही.

जुने अंक चाळताना गहिवरून जायला होतं. तो गहिवर बाजूला ठेवून मुद्दाम तीन गोष्टी पाहा. एक, शीर्षकाची अक्षरं. संगणकाच्या आधीच्या अंकांत ती कुणीतरी हाताने काढलेली असतात, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा त्याच कॉलेजचा विद्यार्थी असतो. दोन, समूहछायाचित्राखालची ओळ: 'बसलेले, डावीकडून उजवीकडे', मग 'उभे, पहिली रांग'. या ओळीला स्वतःची एक लय आहे. एका मंडळाने नेमकी तीच उचलली आणि विभागांची सगळी पानं 'बसलेले' आणि 'उभे' या दोनच पट्ट्यांवर बेतली. तीन, शेवटच्या जाहिराती. कोपऱ्यावरचं पुस्तकांचं दुकान, टायपिंग क्लास, इराण्याचं हॉटेल. कॉलेज कोणत्या वस्तीत उभं होतं, हे लेखांपेक्षा या पानांवरून जास्त कळतं.

फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढा. प्रत्येक फोटोबरोबर वर्ष, पान क्रमांक आणि तो का काढला याचं एक वाक्य लिहा. हे वाक्य टाळू नका. महिन्याभराने दोनशे फोटोंच्या ढिगात कारण आठवत नाही, आणि कारण नसलेला फोटो कामाचा नसतो.

आवारातली वेचणी

आता चार-पाच जणांनी एक अख्खा दिवस कॉलेजातच काढायचा. प्रत्येकाकडे एक जाड पाकीट आणि एक काम. एकाने फक्त अक्षरं गोळा करायची: वर्गांच्या पाट्या, सूचनाफलक, बाकांवर कोरलेली नावं, जिन्याखाली रंगाने लिहिलेलं 'येथे वाहने लावू नयेत'. दुसऱ्याने रंग: प्रयोगशाळेच्या टाइल्स, जिमखान्याच्या भिंतीचा खालचा गडद पट्टा, आयकार्डाची फीत. तिसऱ्याने कागद: कँटीनचं कुपन, ग्रंथालयाची परतीच्या तारखेची चिठ्ठी, हॉल तिकीट, फेस्टचा मनगटपट्टा, प्रॅक्टिकल जर्नलचं लेबल, आलेखाचा कागद, आणि परीक्षेत पुरवणी बांधायचा तो पांढरा दोरा.

या दोऱ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. एका बैठकीत एक मुलगी म्हणाली, "तीन वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा काय केलं असेल, तर हा दोरा ओवला." त्यावरून अंकाची शिलाईच उघडी ठेवायची कल्पना निघाली. कणा झाकायचा नाही, दोरा दिसू द्यायचा. बाइंडरने खर्च सांगितला तेव्हा तो मुखपृष्ठावर फॉइल, म्हणजे चकाकती पन्नी, लावण्याच्या खर्चाच्या जवळपासच निघाला. मग फॉइल वगळलं आणि दोरा ठेवला.

चौथ्याने बोलणं टिपायचं. हे काम सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. कँटीनच्या अण्णांची हाक, शिपाईमामांचं "चला, वर्ग बंद करायचाय", उशिरा येणाऱ्यांची ठरलेली कारणं, एखाद्या जागेला मुलांनी दिलेलं टोपणनाव. पुढे विभागांचे मथळे यातूनच येतात. 'सोनेरी क्षण' आणि 'आठवणींचा हिंदोळा' हे मथळे तेव्हाच लागतात, जेव्हा पाकिटात दुसरं काही नसतं.

शहरातल्या तीन फेऱ्या

मुंबईत राहून मांडणी शिकायला पैसे लागत नाहीत, लोकलचा पास पुरतो. तीन शनिवार काढा.

पहिली फेरी ओव्हल मैदानाची. मैदानाच्या मधोमध उभं राहून आधी पूर्वेकडे तोंड करा. उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर समोर येतात: गॉथिक, सगळं वर चढणारं, टोकदार कमानी, दगडात कोरलेली पानंफुलं. आता मागे वळा. १९३० च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती दिसतील: सगळं आडवं वाहणारं, गोलवलेले कोपरे, खिडक्यांवरून सलग धावणारे छज्जे, ग्रिलमध्ये सूर्याचे किरण आणि लाटा, बोटीच्या कठड्यासारखे गज. २०१८ मध्ये हा सगळा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आपल्या कामाचा धडा मात्र असा, की एकाच मैदानाच्या दोन कडांना पानाचे दोन स्वभाव उभे आहेत. उभ्या स्तंभांचं, दाट सजावटीचं पान हवं की आडव्या पट्ट्यांचं, मोकळं? जागेवरच वहीत दोन आयत काढा आणि दोन्ही बाजूंचा सांगाडा पाच-सात रेषांत उतरवा. चित्रकला येत नसली तरी रेषा येतात. तिथून मरीन ड्राइव्हपर्यंत चालत जा आणि फक्त इमारतींच्या नावांची अक्षरं पाहत जा. सोसायटीच्या आवारात शिरायचं असेल तर वॉचमनला विचारूनच.

दुसरी फेरी भायखळा आणि गिरगाव. राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. वस्तू तर पाहाच, पण छत, ओतीव लोखंडाचे खांब आणि नक्षीतलं हिरवं-सोनेरी जास्त वेळ पाहा. सजावट दाट असूनही डोळा थकत नाही, कारण एकच आकृती पुन्हा पुन्हा येते. बुधवारी संग्रहालय बंद असतं. तिथून गिरगावात खाडिलकर रोडला या. लग्नपत्रिकांची ही पेठ म्हणजे कागदाची प्रयोगशाळाच. इथे कागद डोळ्यांनी नाही, बोटांनी निवडायचा. उठावाची छपाई, फॉइल, डायने कापलेली खिडकी, एकात एक मिटणाऱ्या घड्या हे सगळं हातात घेऊन बघता येतं. गर्दीच्या वेळी जाऊ नका, आणि "कॉलेजच्या अंकासाठी बघतोय, एखादा जुना नमुना मिळेल का?" असं सरळ विचारा.

तिसरी फेरी रोजचीच आहे, फक्त डोळे उघडे ठेवून करायची. स्टेशनची पिवळी पाटी आणि तिच्यावरची काळी अक्षरं, पहिल्या वर्गाच्या डब्याचे तिरके लाल-पिवळे पट्टे, बेस्टच्या जुन्या बसच्या कपाळावरचे देवनागरी आकडे. त्या आकड्यांतले ५, ८ आणि ९ किती ठाशीव आणि लांबून वाचता येणारे होते, ते आठवा. पान क्रमांकांसाठी याहून चांगला गुरू नाही. दादरला उतरलात तर शिवाजी मंदिराबाहेरचे नाटकांचे फलक पाहा आणि वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी काढलेली शीर्षकं शोधून काढा. शेडगे २०२० मध्ये गेले. त्यांच्या अक्षरांवरून नाटक गंभीर आहे की विनोदी, हे शब्द वाचायच्या आधीच कळायचं. मथळ्याकडून हीच अपेक्षा असते.

दादरलाच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालचं. दिवाळी अंक तिथे मागून वाचा. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तोही याच शहरात. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. लेख, कविता, चित्र, व्यंगचित्र आणि जाहिरात एकाच जिल्दीत नांदवायचा शंभरहून अधिक वर्षांचा अनुभव या अंकांत आहे, आणि वार्षिकांकाचा प्रश्नही तोच आहे. अनुक्रमणिकेचं पान, लेखाची सुरुवात आणि कवितेभोवती सोडलेली मोकळी जागा, एवढ्याच तीन जागांची तुलना करा.

वारलीबद्दल एक आग्रहाची विनंती. पानाची कड रिकामी दिसली की वारलीची माणसं ओळीने उभी करायची सवय सोडा. ठाणे-पालघरच्या पाड्यांवरची ती जिवंत चित्रभाषा आहे. तिथला कुणी विद्यार्थी तुमच्या कॉलेजात असेल, तर त्याच्याकडून पानभर चित्र काढून घ्या, खाली त्याचं नाव छापा. किनार म्हणून नको.

मग पडदा

आता खुशाल पिंटरेस्ट आणि डिझायनर आपली कामं मांडतात ते बिहान्स उघडा. पाकिटं भरलेली असल्यामुळे आता तुम्ही मागायला नाही, पडताळायला जाता. शोधताना 'इयरबुक' हा शब्दच टाळा. रेल्वेची वेळापत्रकं, पासबुकं, संग्रहालयांच्या पुस्तिका, खाद्यपदार्थांची मेन्यूकार्डं, नाटकांची पत्रकं शोधा. जुनी अमेरिकन इयरबुकं इंटरनेट आर्काइव्हवर चाळायला मिळतात, तीही पाहा. एका पानावर चाळीस चेहरे आणि चाळीस नावं कशी बसवायची, याची उत्तरं त्यांनी फार आधी शोधली आहेत.

प्रत्येक चित्रातून एकच गोष्ट घ्या आणि तिचं नाव लिहा: 'समासातला उभा मथळा' किंवा 'फोटोची तळरेषा एक'. 'व्हाइब छान' ही नोंद नाही. आणि तिथलं चित्र उचलून छापायचं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र-साहित्यावरचा हक्क सर्वसाधारणपणे कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. 'नेटवर मिळालं' म्हणून ते मोफत होत नाही. तुमची पाकिटं तुमचीच आहेत, ती निर्धास्त छापा.

भिंतीवरची निवड

एक रिकामी भिंत मिळवा. सगळी वेचणी मूळ आकारात चिकटवा, फोटोंच्या प्रिंट काढा. लॅपटॉपवर हे करू नका, कारण पडद्यावर कुपन आणि राजाबाई टॉवर एकाच आकाराचे दिसतात. तीन दिवस भिंत तशीच राहू द्या, येणाऱ्याजाणाऱ्यांना बोलू द्या. मग प्रत्येकाने रोज काही काढून टाकायचं, बारा गोष्टी उरेपर्यंत.

त्या बारांतून एक वाक्य तयार करा. त्यात एक वस्तू हवी आणि एक कृती हवी. 'प्रवास' हे वाक्य नाही. 'आम्ही सगळे वेगवेगळ्या स्टेशनांवरून एकाच स्टेशनात उतरलो' हे वाक्य आहे. फरक असा, की दुसऱ्यातून पानं आपोआप निघू लागतात. करूनच दाखवते.

एका मंडळाने विद्यार्थी शाखेनुसार लावण्याऐवजी ज्या स्टेशनावर चढतात त्यानुसार लावले: मध्य, पश्चिम, हार्बर. विरार आणि कर्जतपासून सुरुवात करून पानं कॉलेजच्या स्टेशनाकडे सरकतात. प्रत्येक गटाच्या सुरुवातीला पिवळी पाटी, पण पाटीवर त्या स्टेशनातली पहाटेची लोकल. डबेवाल्यांच्या डब्यावर जशी कुठून, कुठे, कोणती इमारत, कितवा मजला अशी सांकेतिक खूण असते, तशी प्रत्येकाच्या फोटोखाली एक छोटी खूण: चढण्याचं स्टेशन, शाखा, वर्गाचा मजला. वसतिगृहातली आणि चालत येणारी मुलं? इथे कल्पनेची खरी परीक्षा होते. कुणीही बाहेर राहत असेल तर कल्पना बदला किंवा रुंद करा. या मंडळाने 'चालत' नावाचं एक स्टेशनच तयार केलं आणि ते सगळ्यांत लोकप्रिय पान ठरलं.

याच भिंतीसमोर तीन प्रश्न विचारा. ही कल्पना शेजारच्या कॉलेजने जशीच्या तशी वापरली तर चालेल का? चालत असेल, तर ती अजून तुमची झालेली नाही. क्रीडा अहवालासारखं रूक्ष पान तिच्यात बसतं का? आणि दहा वर्षांनी अंक उघडणाऱ्याला ती समजावून न सांगता कळेल का?

कल्पनेचे नियम

निवडलेलं आता एका पानावर नियम म्हणून लिहा, नाहीतर आठ जण आठ प्रकारची पानं लावतील. रंग तीन. अक्षरवळणं दोन: एक मजकुराचं, एक मथळ्याचं. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट मोफत परवान्याने मिळतात, आणि सुरुवातीला ते पुरेसे आहेत. तुमच्या संगणकावरचा मंगल फाँटही मुंबईच्या र. कृ. जोशींच्या हातचा. पडद्यावर तो चांगला दिसतो, पण छापील अंकासाठी मी तो वापरत नाही.

देवनागरीची काळजी वेगळी घ्यावी लागते, आणि परदेशी नमुने इथेच फसवतात. त्यांच्यासारखी मथळ्यातली अक्षरं लांब लांब केली की आपली शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, कारण वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना, 'ऱ्या' नीट दिसतो ना, हे फाँट निवडतानाच पाहा. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर परिच्छेदाला त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय लावा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. मजकूर सगळ्यांकडून युनिकोडमध्येच मागवा. जुन्या फाँटमधून बदलून घेतलेल्या मजकुरात रफार हमखास हरवतो.

चेहऱ्यांच्या फोटोंनाही नियम हवा: एकच भिंत, एकच खिडकी, डोळे एका रेषेत.

सगळ्यात अवघड पान आधी

मुखपृष्ठ शेवटी करा. आधी साठ नावांचं पान लावा, मग एखाद्या लांबलचक अहवालाचं. ही दोन्ही पानं कल्पनेत बसली तर बाकीची बसतातच. दोन्ही मूळ आकारात छापून घ्या आणि हातभर अंतरावर धरून वाचा. मग ती घेऊन छापखान्यात जा. पुढची बोलणी तिथेच होतात: मजकूर निव्वळ काळ्या शाईत, चार रंगांच्या मिश्रणात नको, फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), पानाबाहेर ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून वाढवलेली छपाई), जाड अंकाला परफेक्ट बाइंडिंग (कण्याला गोंदाने चिकटवलेली बांधणी) असेल तर आतल्या बाजूचा समास मोठा, नाहीतर मधले चेहरे कण्यात जातात. पडद्यावरचा झगझगीत पिवळा कागदावर मवाळ होतो, तेव्हा ज्या कागदावर अंक छापायचा त्याच कागदावरचा प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मागा.

प्रूफ मिळाला की नावांच्या पानांच्या प्रती काढून प्रत्येक विभागाच्या दाराशी लावा, शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल ठेवा. खाली लिहा: 'आपलं नाव आपल्याला हवं तसं आहे का पाहा, चुकलं असेल तर इथेच दुरुस्त करा.' तीन दिवसांनी कागद काढून आणा आणि पेन्सिलीच्या खुणा एकीने मोठ्याने वाचाव्यात, दुसरीने फाइलमध्ये भरत जावं.